नावात साकुरा दिसला म्हणून गाणं उचलू नका

पत्र

‘ताई, आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो. मुलगी इथल्याच वॉर्डाच्या प्राथमिक शाळेत सहावीत आहे, मार्चमध्ये तिची शाळा संपेल. त्या दिवशी समारंभानंतर पालक शिक्षकांसाठी ‘शाओनकाई’ ठेवतात, म्हणजे आभाराचा कार्यक्रम. त्यात सहा वर्षांच्या फोटोंचा स्लाइड शो असतो आणि शेवटी पालक मुलांसाठी एक गाणं म्हणतात. समितीत मी एकटीच परदेशी, आणि गाणी निवडायचं काम नेमकं माझ्याकडे आलंय. बाकीच्या आया हसून म्हणाल्या, तुम्हीच ठरवा. बोलण्यापुरतं जपानी मला येतं, पण गाणी म्हणाल तर ॲनिमेतली तेवढी माहीत. शोधून चार गाणी काढली आहेत: फुकुयामा मासाहारू यांचं ‘साकुराझाका’, आणि केत्सुमेइशी, इकिमोनोगाकारी आणि मोरियामा नाओतारो यांची ‘साकुरा’ (चेरीचा बहर) नावाची तीन. ऐकताना डोळे भरून आले, म्हणून हीच ठेवावीत असं वाटतंय. पण भलतंच गाणं लागून हसं झालं तर? एखादं मराठी गाणं मध्ये घातलं तर चालेल का? एप्रिलमध्ये आम्ही कायमचे पुण्याला परत चाललोय, त्यामुळे हे सगळं जरा जास्तच मनाला लागतंय.’

– निशी-कासाईची एक आई

उत्तर

चारांपैकी तीन गाणी आजच काढून टाका. ‘साकुराझाका’ २००० सालचं. तोक्योच्या ओता वॉर्डात त्या नावाचा खराखुरा चढाचा रस्ता आहे, आणि गाण्यातला माणूस हातून गेलेल्या प्रेमाला आठवत बसलाय. केत्सुमेइशीच्या २००५ च्या ‘साकुरा’त पाकळ्या गळताना जुनी प्रेयसी आठवते. इकिमोनोगाकारीचं २००६ चं ‘साकुरा’ शाळांच्या कार्यक्रमांत वाजतं हे खरं, पण तेही दुरावलेल्या दोघांचंच आहे. बारा वर्षांच्या पोरांचे रांदोसेरु, म्हणजे इथलं शाळेचं दप्तर, पाठीवर घेतलेले फोटो सरकताहेत आणि मागे कुणीतरी जुन्या प्रेयसीसाठी झुरतोय, हे बरं दिसणार नाही. कुणी तोंडावर हसणार नाही हो, इथले लोक तसे नाहीत. पण मागच्या रांगेतल्या दोन आया एकमेकींकडे बघतील, आणि तेवढंही तुम्हाला नकोच आहे.

उरलं मोरियामांचं, २००३ सालचं. तिथे मित्र मित्राला निरोप देतोय, पुन्हा भेटू म्हणतोय. ते शोभतं. मात्र पालकांनी म्हणायला ते घेऊ नका. त्यातला वरचा आवाज भल्याभल्यांना पेलत नाही, आणि तुमच्या समितीत रियाजी गळे किती असतील, मला शंका आहे.

साकुराचा हा गोंधळ होण्याचं कारण सरळ आहे. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि एप्रिलमध्ये नवं सुरू होतं. तोक्योच्या बाजूला झाडं फुलतात ती नेमकी या दोहोंच्या मध्ये. त्यामुळे शाळा संपणं, नोकरी लागणं, बदली, गाव सोडणं, प्रेम तुटणं, सगळेच निरोप त्या एका झाडाखाली येऊन बसलेत. पूर्वी प्रवेश परीक्षेचा निकाल तारेने यायचा, तेव्हा पास झाल्याची तार ‘साकुरा फुलला’ अशी असायची आणि नापासाची ‘साकुरा गळला’. तेव्हा नावात साकुरा आहे एवढ्यावरून गाणं शाळेचं ठरत नाही. गाण्यात कोण कोणाला काय सांगतंय ते बघा. शब्द छापून घ्या, मुलीला शेजारी बसवा आणि तिला विचारा, ‘यात बोलणारा कोण आहे गं?’ तुमच्यापेक्षा तिला ते पटकन कळेल.

हा निकष लावला की पुढचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. तुमच्या मुलीच्या वर्गातली मुलं एकमेकांपासून खरोखर दूर चाललीत का? वॉर्डाच्या प्राथमिक शाळेतली बहुतेक मुलं एप्रिलमध्ये जवळच्या त्याच वॉर्डाच्या माध्यमिक शाळेत जातात. तोच रस्ता, तोच सुपरमार्केट, फक्त अंगावर गणवेश नवा. दोन आठवड्यांनी पुन्हा भेटणाऱ्या मुलांना ‘आता कधी भेटशील’ या गाण्याने रडवायला गेलात तर ती एकमेकांना कोपर मारून खिदळत बसतील.

थोडी मुलं मात्र वेगळी वाट धरतात. तोक्योत खासगी माध्यमिक शाळांच्या प्रवेश परीक्षा १ फेब्रुवारीपासून सुरू होतात. मार्च उजाडेपर्यंत निकाल लागलेले असतात. कुणी हव्या त्या शाळेत गेलेलं असतं. कुणी दोन-तीन वर्षं संध्याकाळचे क्लास करून, सुट्ट्या घालवून शेवटी शेजारच्याच शाळेत चाललेलं असतं. त्याच्या आईने तुमच्या बैठकीत यातलं अक्षरही काढलेलं नसतं. म्हणून ‘मनापासून झटलं की स्वप्न पुरं होतंच’ असं ठासून सांगणारं गाणं टाळा. त्या एका मुलाला ते टोचेल. ‘वाट अजून लांब आहे, चालत राहा, आम्ही आहोत’ असं म्हणणारं चालेल.

हे लिहिताना मला तुमच्या पत्रातलं ते वाक्य पुन्हा पुन्हा दिसतंय: ऐकताना डोळे भरून आले. येणारच. परत जायचंय ते तुम्हाला. निरोप खरा आहे तो तुमच्या घरातला, आणि तुम्ही गाणी निवडलीत ती त्या निरोपासाठी. वर्गासाठी वेगळी लागतील. तुमच्या निरोपाकडे मी पुढे येतेच.

आता हसं होण्याच्या भीतीबद्दल. जपानी लोक स्वतः या बाबतीत फार सोवळे नाहीत. ‘ओकुरु कोतोबा’ हे १९७९ चं गाणं ‘किंपाची सेन्सेई’ या शाळेवरच्या मालिकेचं शीर्षकगीत झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या निरोपाला म्हटलं गेलं. ते लिहिणारे ताकेदा तेत्सुया यांनीच पुढे सांगितलं की मुळात ते त्यांच्या प्रेमभंगाचं आहे. रेमिओरोमेनचं ‘सान-गात्सु कोकोनोका’, म्हणजे ‘९ मार्च’, हे २००४ चं गाणं तर मित्राच्या लग्नासाठी केलेलं. २००५ मध्ये एका मालिकेत वर्गातल्या मुलांनी ते म्हटलं आणि तेव्हापासून ते शाळांचंच होऊन गेलं. मग वर मी ती तीन का काढायला लावली, असं विचाराल. या दोघांना मुलांनी इतकी वर्षं वर्गात गाऊन आपलंसं केलंय, आणि शब्दही मैत्रीला सहज लागू पडतात. ‘साकुराझाका’ला हजार वेळा वर्गात गायलं तरी ते प्रेयसीचंच राहील. आणि एक गंमत सांगते: ओझाकी युताका यांच्या १९८५ च्या गाण्याचं नावच ‘सोत्सुग्यो’, म्हणजे शाळेतून बाहेर पडणं. नावावरून याहून योग्य गाणं सापडणार नाही. त्यात मुलगा रात्री शाळेच्या खिडक्यांच्या काचा फोडत फिरतो. मुख्याध्यापकांपुढे ते लावू नका म्हणजे झालं.

निवडायला बसण्याआधी एक काम करा: वर्गशिक्षिकेला विचारा की मुलं समारंभात स्वतः काय म्हणणार आहेत. ती गाणी संगीत शिक्षक ठरवतात, तालीम जानेवारी-फेब्रुवारीपासून चालू असते, आणि तेच गाणं तुम्ही दुपारी पुन्हा वाजवलंत तर मुलांच्या गाण्याची चव जाते. पूर्वी सगळीकडे ‘आओगेबा तोतोशी’ असायचं, १८८४ च्या शालेय गीतसंग्रहातलं, गुरूंचे उपकार मानणारं. आता ते बऱ्याच शाळांतून मागे पडलंय. आज सर्वांत जास्त ऐकू येतं ते ‘ताबिदाची नो ही नी’.

या गाण्याची गोष्ट तुम्हाला माहीत असावी, बैठकीत उपयोगी पडेल. १९९१ साली साइतामामधल्या चिचिबूच्या कागेमोरी माध्यमिक शाळेत संगीताच्या तरुण शिक्षिकेला वाटलं की जाणाऱ्या मुलांना काहीतरी खास द्यावं. तिने मुख्याध्यापक कोजिमा नोबोरू यांना शब्द लिहून द्या म्हटलं. मला जमायचं नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली तर टेबलावर कागद ठेवलेला. ती तो घेऊन संगीताच्या खोलीत गेली आणि पाव तासात चाल झाली, असं सांगतात. ते गाणं मुलांनी गायलेलं नव्हतं, शिक्षकांनी मुलांना गाऊन दाखवलं होतं, आणि तेही एकदाच म्हणायचं म्हणून. तुम्ही शाओनकाईला करणार आहात ते याच जातीचं काम आहे: मोठ्यांनी उभं राहून लहानांसाठी गायचं. सूर थोडे इकडेतिकडे झाले तरी मुलांना ते आवडतं. घरी ओरडणारी आई चाळीस माणसांत लाजत गाते, हे दृश्य त्यांना रोज कुठे बघायला मिळतं?

स्लाइड शोसाठी दोन गाणी घ्या. पहिल्या भागात पहिलीच्या प्रवेशाचे फोटो, पिवळ्या टोप्या, पाठीपेक्षा मोठं रांदोसेरु, पडलेले पुढचे दात. तिथे पालकांच्या ओळखीचं, मऊ गाणं हवं. माझी पसंती आयाकाच्या ‘निजीइरो’ला. २०१४ मध्ये एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवरच्या सकाळच्या मालिकेचं ते शीर्षकगीत होतं, त्यामुळे आजी-आजोबांनाही ठाऊक असतं. चाल हलकी आहे, रडवत नाही. इकिमोनोगाकारीचं २०१० चं ‘अरिगातो’ही त्याच मालिकांच्या परंपरेतलं आणि चांगलं आहे, फक्त ते इतक्या कार्यक्रमांत वाजलंय की समितीतली एखादी ‘गेल्या वर्षीही तेच होतं’ म्हणेल.

दुसऱ्या भागात पाचवी-सहावी, खेळांचा दिवस, निक्कोची सहल, वर्गातला धुडगूस. हा भाग मुलांचा, गाणंही मुलांचंच हवं. योआसोबीचं ‘गुंजो’ घ्या. २०२० चं, चॉकलेटच्या जाहिरातीसाठी केलेलं, चित्रकलेच्या वेडाने झपाटलेल्या एका मुलाच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, सुचलेलं. आपल्याला जे आवडतं ते आवडतं असं कबूल करायला भीती वाटते आणि तरी हात पुढे जातो, असं काहीसं त्यात आहे. मध्ये समूहस्वर येतात तिथे मुलं हमखास आपणहून गायला लागतात. यशाची हमी त्यात कुणी देत नाही, म्हणून त्या परीक्षा हुकलेल्या मुलालाही ते लागणार नाही.

इथे एक खड्डा आहे, तो बघून पाय टाका. ‘गुंजो’ नावाचं दुसरं गाणं आहे, शाळांमध्ये तेही गातात, आणि त्याचा रंग सर्वस्वी वेगळा. फुकुशिमातल्या मिनामिसोमाच्या ओदाका माध्यमिक शाळेचं ते. २०११ च्या त्सुनामीत त्या वर्गातले सोबती गेले, अणुऊर्जा केंद्राच्या अपघाताने गाव रिकामं करावं लागलं आणि मुलं देशभर पांगली. नकाशावर कोण कुठे गेलं ते बघत मुलं जे बोलली, लिहून ठेवलं, त्यातून संगीत शिक्षिका ओदा मिकी यांनी गाणं बांधलं आणि मार्च २०१३ च्या समारंभात मुलांनी ते म्हटलं. फार मोलाचं गाणं आहे. पण सहलीत आइस्क्रीम खाणाऱ्या पोरांच्या फोटोंमागे ते लागलं तर सभागृह गप्प होईल. म्हणून समितीच्या ‘लाइन’ ॲपवरच्या ग्रुपवर नुसतं ‘गुंजो’ लिहू नका, ‘योआसोबीचं गुंजो’ लिहा. दुसऱ्या कुणाला सीडी आणायला सांगणार असाल तर नक्कीच.

दोन गाणी तुम्हाला लोक सुचवतील आणि ती मी या वेळी घेणार नाही. अँजेला आकी यांचं ‘तेगामी’ २००८ मध्ये एनएचकेच्या शालेय समूहगान स्पर्धेत माध्यमिक गटासाठी दिलं होतं. पंधरा वर्षांचं मूल भविष्यातल्या स्वतःला पत्र लिहितं आणि मोठं झालेलं तेच उत्तर देतं. आकाराने, आशयाने सुंदर, पण पंधराव्या वर्षाचं. तुमची मुलं बारा वर्षांची आहेत, तीन वर्षांनी ते त्यांच्या वाट्याला येईलच. रॅडविम्प्सचं ‘सेइकाई’ तर त्याहून पुढचं. २०१८ मध्ये एनएचकेने अठरा वर्षांच्या सुमारे हजार मुलांना एकत्र आणून त्यांच्यासोबत गाऊन घेतलं ते. शाळेने उत्तरं असलेले प्रश्न शिकवले, ज्यांची उत्तरं कुणाकडेच नाहीत ते पुढे आहेत, असा त्याचा सूर, आणि शेवट परीक्षेच्या वर्गात ‘करा सुरुवात’ म्हणतात तसा. बारावी पार केलेल्यांना ते थेट भिडतं. सहावीतल्या मुलाला त्यातलं अर्धं डोक्यावरून जाईल.

पालकांनी म्हणायचं गाणं: हाता मोतोहिरो यांचं ‘हिमावारी नो याकुसोकु’. २०१४ च्या डोरेमॉनच्या चित्रपटातलं. डोरेमॉनमुळे मुलांना ठाऊक, तुम्हालाही परकं वाटणार नाही, आपल्याकडची पोरं डोरेमॉन बघतच वाढली आहेत. कायम सोबत असणाऱ्या माणसाबद्दलचं गाणं आहे, ते आईबापांच्या तोंडी चपखल बसतं. मूळ पट्टी पुरुषी आवाजाची आहे, बायकांना काही ठिकाणी उंच आणि काही ठिकाणी खूप खाली वाटेल. पियानो वाजवणारी एखादी आई समितीत असतेच, तिला पट्टी बदलून द्यायला सांगा. सगळं गाणं म्हणू नका. एक कडवं आणि साबी, म्हणजे धृपदाचा उंच भाग, दोनदा. पाच मिनिटं उभं राहून गाणं बिनसरावाच्या माणसांना फार लांब पडतं.

मराठी गाणं नको. कारण ते वाईट दिसेल असं नाही, कौतुकच होईल, आणि नेमकी तीच अडचण आहे. सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळतील. तो दिवस साऱ्या वर्गाचा आहे आणि काम तुमच्यावर विश्वासाने टाकलंय.

पण तुमच्या मुलीसाठी वेगळा निरोप होणार आहे, बघा. मूल परदेशी किंवा दुसऱ्या गावी चाललं की वर्ग सहसा छोटासा ‘ओवाकारेकाई’ ठेवतो, पुठ्ठ्याच्या पांढऱ्या पाटीवर सगळे दोन-दोन ओळी लिहून देतात. ठेवला नाही तर तुम्ही घरी ठेवा, तिच्या चार-सहा मैत्रिणींना बोलवा. तिथे मोरियामांचं ‘साकुरा’ लावा. स्पिट्झचं ‘सोरा मो तोबेरु हाझु’ लावा. १९९४ चं आहे ते, दोन वर्षांनी शाळकरी मुलांच्या एका मालिकेमुळे गाजलं, मैत्रिणींच्या आयांच्या शाळेच्या दिवसांतलं असेल. आणि तुमची मराठी गाणी लावा, हवी तितकी. जेवायला पुऱ्या करा. तिथे रडलात तरी ज्यांच्यासमोर रडाल ती माणसं तुमच्यासाठीच आलेली असतील.

आता कामाच्या दोन गोष्टी. सभागृहात तिकीट न लावता आणि कुणाला पैसे न देता गाणं वाजवायला किंवा म्हणायला परवानगी लागत नाही, ही सोय जपानच्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ३८व्या कलमात आहे. पण गाणं चित्रफितीत चिकटवून डीव्हीडी वाटली किंवा यूट्यूबवर चढवली की प्रकरण वेगळं. रचनेचे हक्क बहुधा जास्राक या गीत-संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेमार्फत सुटतात, पण मूळ ध्वनिमुद्रण कंपनीचं असतं, तिची परवानगी स्वतंत्र काढावी लागते. म्हणून फोटोंची फीत मुकी करा आणि शेजारी सीडी लावा. फोनवरच्या गाण्यांच्या सेवा घरच्या वापरासाठी असतात, त्या इथे वापरू नका. सीडी कुणाच्या तरी घरी निघेलच.

दुसरं, फोटोंची मोजदाद. साडेचार मिनिटांचं गाणं, एक फोटो पाच सेकंद, म्हणजे चोपन्न फोटो. दोन वर्गांची साठ मुलं असतील तर दोन गाण्यांत मिळून प्रत्येकाच्या वाट्याला एकट्याचे दोन फोटोही येत नाहीत, गटाचे घ्यावे लागतात. एक तक्ता करा, मुलांची नावं उभी, फोटोंचे क्रमांक आडवे, आणि खुणा करत जा. तुमच्या मुलीचे जास्त आणि एखाद्या अबोल मुलाचा एकच, असं झालं तर गाणी कितीही छान निवडलेली असोत, नंतर चर्चा त्याचीच होईल. साबी सुरू होते तिथे सगळ्या वर्गाचा मोठा फोटो ठेवा, एकट्या-दुकट्याचा नको.

‘तुम्हीच ठरवा’ म्हणालेल्या त्या आयांना थेट निकाल ऐकवू नका. प्रत्येक जागेसाठी दोन-दोन नावं लिहून न्या, आपली पसंती कोणती आणि का ते एका वाक्यात सांगा, आणि गप्प बसा. ‘निजीइरो’ की ‘अरिगातो’ यावर त्या दहा मिनिटं बोलतील, आपापल्या मोठ्या मुलांच्या वेळचं आठवतील, आणि बहुधा तुमचंच ठेवतील. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हे उरका. त्यानंतर तुम्हाला सामानाचे खोके बांधायचेत, आणि पियानोवाल्या आईलाही पट्टी बदलायला दोन आठवडे लागतील.